झाडू पहाटे फिरतो

३ तारीख, सोमवार

आज जेवताना सासूबाईंनी फर्मान काढलं. मशीनच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या, खोलीत यापुढे दोघींचं काम नाही, एकच बसेल. कोण ते महिनाअखेरीला त्या ठरवणार. जी उरेल तिने खाली पॅकिंगच्या टेबलावर बसून पत्रकांना घड्या घालायच्या. हे सगळं त्या माझ्याकडे न बघता, ताटातलं निवडत बोलल्या. धाकट्या जावेने मान डोलावली, जशी काही तिला ही बातमी आधीच कळली होती. कळलीही असेल. धाकट्या दिराच्या पोटात काही राहत नाही आणि सासूबाईंचा जीव त्याच्यात.

ती खोली मी उभी केली. आमचा धंदा माहितीपत्रकांचा. कुठलंही यंत्र विकत घेतलं की खोक्यात घडी घातलेला एक कागद सापडतो, तो आम्ही छापतो. सहसा कुणी वाचत नाही, पण त्यात चूक निघाली की मात्र सगळे वाचतात. मी या घरात आले तेव्हा एकेक पत्रक हाताने उघडून दुरुस्त करायचे. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत कमांड लिहून हजारो फायली एका दमात शोधायच्या आणि बदलायच्या, हे मी स्वतः शिकले, पोर कडेवर घेऊन. आता ही धाकटी, कॉलेजातली पदवीबाई, येणार आणि माझ्या खुर्चीवर बसणार. आयत्या बिळावर नागोबा.

ह्यांना म्हटलं, तुम्ही काही बोला. हे म्हणाले, बघू. ह्यांचं आयुष्य बघण्यातच गेलं.

४ तारीख, मंगळवार

पदवीबाईंना पहिलं काम मिळालं, तेही मोठं. झोपेत श्वास घ्यायला मदत करणारं एक यंत्र आहे, त्याला पाण्याची छोटी डबी असते. आतापर्यंत पत्रकात होतं, ‘डबीत उकळून गार केलेलं पाणी भरा.’ कंपनीला आता हवंय, ‘डबीत डिस्टिल्ड वॉटर भरा.’ उकळलेल्या पाण्याने आत पांढरा थर धरतो आणि माणूस तेच रात्रभर हुंगतो म्हणे. या यंत्राची पत्रकं शेकड्यांनी आहेत. दर मॉडेलला वेगळं, दर दुकानदाराच्या नावाचं वेगळं.

मी उदार मनाने तिला बसवून सांगितलं. कमांडी दोन, फाइंड फायली शोधतो, सेड त्यातले शब्द बदलतो. आणि या खोलीचा एकच कायदा, आधी यादी, मग वार. म्हणजे काहीही बदलायच्या किंवा काढायच्या आधी कुठल्या फायलींवर हात पडणार त्याची नुसती यादी पडद्यावर आणायची, डोळ्यांनी वाचायची आणि मगच खरी कमांड द्यायची. ती म्हणाली, “हो ताई, आम्हाला कॉलेजात शिकवलंय.” शिकवलं असेल हो. मला कुणी शिकवलं नाही, तरी मीच तुला सांगत्येय, याचं काही नाही.

तिने बदल केला. मी मागून पाहिलं. यादी काढली, वाचली, बदलली, जुन्या फायलींच्या प्रतीही शेजारी ठेवल्या. चूक काढायला जागा नव्हती, याचा मला राग आला.

५ तारीख, बुधवार

आज सकाळी छापायला घेतलं आणि पहिलाच कागद, ‘उकळून गार केलेलं पाणी.’ दुसरा तसाच. सगळेच तसे!

मी कागद घेऊन सासूबाईंकडे गेले नाही. कागद टेबलावर ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, अगं, काल तू नक्की काय केलंस? सासूबाई आपोआप आल्या. पदवीबाईंचा चेहरा पांढरा पडला. म्हणे, मी बदललं होतं, ताईंनी पाहिलं. मी म्हटलं, मी पाहिलं तू कमांड दिलीस, आत काय झालं ते मी कसं पाहणार? हे खोटं नाही.

तिने प्रती ठेवल्या होत्या त्याही जागेवर नाहीत. म्हणे, ठेवल्या होत्या. नाचता येईना अंगण वाकडं.

७ तारीख, शुक्रवार

काल तिने पुन्हा बदल केला. आज पुन्हा जैसे थे. आणि गंमत अशी की जी पत्रकं तिने काल नव्याने घेतली तीसुद्धा जुनीच निघाली. ज्याला ज्याला ती हात लावते ते दुसऱ्या दिवशी तोंड फिरवतं. फायलींनाही माणूस कळतो.

दुपारी ती माझ्याकडे आली. आवाज खाली ठेवून विचारलं, “ताई, पहाटे मशीनवर आपोआप काही चालतं का?”

मी म्हटलं, चालतो ना, माझा झाडू. तिला माहीत नाही याचंच मला नवल वाटलं, या घरात शेंबड्या पोरालाही झाडू माहीत आहे. माझी जुनी स्क्रिप्ट आहे ती, आपोआप चालणाऱ्या कमांडींची माळ. घर झोपलेलं असताना आदल्या दिवशी ज्या ज्या फायलींना कुणाचा हात लागला त्या शोधून त्यांची साफसफाई करते. जास्तीच्या मोकळ्या जागा काढते, इकडेतिकडे पडलेल्या प्रती उचलून फेकते, शब्द आमच्या घरच्या वळणाचे करते. गावभरचे ग्राहक म्हणतात तुमची पत्रकं एका हाताने लिहिल्यासारखी वाटतात. तो हात माझा.

ती म्हणाली, मला झाडू आत उघडून बघता येईल का? मी सरळ नाही म्हटलं. तो फक्त माझ्या पासवर्डने उघडतो आणि तसाच राहील. आज झाडू बघायचा, उद्या माझं कपाट. सासूबाईंनीही मलाच दुजोरा दिला. इतक्या वर्षांत झाडूने कुणाचं काही बिघडवलं नाही, म्हणाल्या. ऐकून बरं वाटलं. महिन्यात पहिल्यांदा.

१० तारीख, सोमवार

आज कंपनीचा माणूस आला. आम्ही त्याला आपसात कडक कॉलर म्हणतो, त्याच्या शर्टाला सुरकुती माहीत नाही. तारीख टळू नये म्हणून पहिली खेप जुन्याच मजकुराची गेली होती. एका म्हाताऱ्याने पत्रक वाचून इमानेइतबारे पाणी उकळलं, डबीत थर धरला, यंत्र मधेच बंद पडलं आणि तो गुदमरून उठला. आता बरा आहे. कडक कॉलर सासूबाईंशी अतिशय सभ्यपणे बोलला, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. पुढची खेप एकवीस तारखेला बरोबर आली नाही तर काम दुसरीकडे.

पदवीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ते आजोबा आता कसे आहेत. नाटकी.

मला म्हाताऱ्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पाणी मी थोडंच बदललं?

११ तारीख, मंगळवार

पदवीबाई आता पेनड्राइव्ह गळ्यात दोरीने अडकवून हिंडतात, शाळेतल्या पोराच्या किल्लीसारखा. दुरुस्त केलेल्या सगळ्या पत्रकांची प्रत संध्याकाळी त्यात घेऊन वर जातात. मशीनवर ठेवली की नाहीशी होते म्हणे. मी विचारलं, हे कुणाला विचारून? म्हणाली, बॅकअपची डिस्क कधीपासून बंद आहे ताई, एक तरी प्रत नको का?

डिस्क उन्हाळ्यात बिघडली हे खरं. सासूबाईंनी नवी आणू का विचारलं होतं, तेव्हा मीच म्हटलं होतं, कशाला, माझं सगळं जागच्या जागी असतं. असतंच. ही येईपर्यंत होतं.

१३ तारीख, गुरुवार

सापडली! आज चोर सापडला.

सकाळी ती स्वतःच माझ्याकडे आली, तिच्याच पायाने. म्हणाली, “ताई, बदललेल्या फायली पाहिल्या. बदल पहाटे झालाय आणि करणाऱ्याच्या जागी तुमचं नाव आहे.” आणि माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मी आता काहीतरी बोलावं.

मी बसून पाहिलं. खरंच, प्रत्येक फायलीवर माझं नाव आणि वेळ पहाटेची. पहाटे मी चहा ठेवत असते आणि ह्यांचं घोरणं ऐकत असते. म्हणजे कुणीतरी माझ्या नावाने आत शिरतं. माझा पासवर्ड कुणाला माहीत असणार? जी दिवसभर माझ्या खांद्यामागे उभी असते तिला. स्वतःच दिवसा बदलायचं, स्वतःच पहाटे माझ्या नावाने उलटं फिरवायचं आणि वर मलाच येऊन नाव दाखवायचं. चोराच्या उलट्या बोंबा! आणि गळ्यातला पेनड्राइव्ह कशाला, तेही आता कळलं.

चीड अशी आली होती की डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचीच जास्त चीड आली.

१४ तारीख, शुक्रवार

सासूबाईंच्या खोलीत बसलो. मी, हे, धाकटा दीर, ती. मी एकेक मुद्दा मांडला. पहाटेची वेळ, माझं नाव, पासवर्ड, पेनड्राइव्ह. धाकटा दीर म्हणाला पहाटे ही माझ्या शेजारी झोपलेली असते. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही झोपलेले असता, ती असते हे तुम्हाला कसं कळणार? हे खिडकीबाहेर बघत होते.

ती एवढंच म्हणाली, झाडू एकदा उघडून दाखवा, मग मला काय हवं ते म्हणा. मी सासूबाईंना म्हटलं, बघा, अजून तिचा डोळा झाडूवरच आहे.

निकाल लागला. ती पॅकिंगला. तिचं नाव मशीनवरून काढायचं. पेनड्राइव्ह पुरावा म्हणून सासूबाईंनी जप्त करावा असं मी सुचवलं, त्यांनी कपाटात कुलूपबंद केला. तो तिच्या पासवर्डशिवाय उघडत नाही म्हणे. राहू दे बंद.

महिनाअखेरीची वाट बघायलाही लागली नाही. खोली माझी. पोटभर जेवले.

१७ तारीख, सोमवार

स्वतःचा पासवर्ड बदलला. मग पाण्याचं काम स्वतः हातात घेतलं. आधी यादी, मग वार. यादी वाचली, कमांड दिली, पुन्हा शोधून पाहिलं. ‘उकळून गार केलेलं’ एकाही पत्रकात उरलं नाही. सासूबाईंना बोलावून पडद्यावर दाखवलं. “असं असतं काम,” मी म्हटलं. जिन्यावरून खाली पॅकिंगपर्यंत ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

१८ तारीख, मंगळवार

सगळं जुनं.

१८ तारीख, संध्याकाळ

तिचं नाव मशीनवर नाही. माझा नवा पासवर्ड मी कुणालाही, ह्यांनासुद्धा सांगितलेला नाही. लिहूनही ठेवलेला नाही. वेळ पहाटेची. नाव माझं.

आता घरात उरलं कोण? सासूबाईंना माउस धरता येत नाही.

मग आठवलं, पहाटे माझ्याच नावाने आणखी एक जण फिरतो, पासवर्ड न विचारता. झाडू उघडला. किती दिवसांनी उघडला कोण जाणे, लांबच लांब झालाय, ओळीमागून ओळी, मीच वेळोवेळी घातलेल्या. पार मधे कुठेतरी आहे ती. ‘डिस्टिल्ड वॉटर’ दिसलं की तिथे ‘उकळून गार केलेलं पाणी’ घाल. वाफेची इस्त्री बनवणाऱ्या इस्त्रीवाल्यांच्या पत्रकाच्या वेळची. डिस्टिल्ड वॉटर कुठे मिळतं असं विचारत गिऱ्हाईकं दुकानदारांचं डोकं खात होती, म्हणून सासूबाईंनीच सांगितलं होतं, सगळीकडे उकळून गार केलेलं पाणी कर. त्यांच्या हुकमाने घातलेली ओळ. माझी काय चूक? त्या विसरल्या.

मीही विसरले, पण मला हजार कामं असतात.

ती मला त्या दिवशी फायलींवरचं नाव दाखवून बघत राहिली होती. तिला तेव्हाच कळलं होतं. कळलं होतं आणि तोंडावर बोलली नाही. असली माणसं मला आवडत नाहीत.

१९ तारीख, बुधवार

काल जेवण गेलं नाही. हे म्हणाले, काय झालं? म्हटलं, पित्त.

सांगायचं का? सांगितलं तर सासूबाईंसमोर तिची बाजू खरी, माझी बोंब. सगळ्यांसमोर तिला चोर म्हटलंय मी. धाकट्या दिराला काय काय बोलले. आणि खोली? खोली तिची. नाही सांगायचं. ओळ काढून टाकली की संपलं. उलट झाडूच नको. उद्या कुणी उघडून बघायचं म्हटलं तर बघायला काही शिल्लकच नको. झाडू गेला, आता नव्याने लिहीन, म्हणेन. त्याच्या जुन्या आवृत्त्याही पत्रकांच्या फोल्डरमध्ये जागोजागी पडल्यात, त्याही शोधून काढायला हव्यात. उद्या सकाळी सगळे नाश्त्याला बसले की करते. परवा खेप जायची आहे.

२० तारीख, गुरुवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

झाडू काढला. मग त्याच्या जुन्या आवृत्त्या. जिन्यावर सासूबाईंची पावलं वाजली, मी घाई केली. फाइंडला सांगायचं असतं, इथे शोध, या नावाचं शोध, मग काढ. मी लिहिलं, इथे शोध, काढ, या नावाचं. तो बिचारा डावीकडून वाचत जातो, जे आधी येईल ते आधी करतो. नावापर्यंत पोहोचायच्या आतच त्याने सगळं काढलं होतं. झाडू नव्हे. पत्रकं. सगळ्या यंत्रांची, सगळ्या ग्राहकांची, आजवरची.

यादी काढली नव्हती. काढली असती तर पहिल्याच ओळीत दिसलं असतं.

सासूबाई आत आल्या, म्हणाल्या, पाण्याची पत्रकं उद्याला तयार ना? मी हो म्हटलं. त्या गेल्यावर मी तो रिकामा फोल्डर पुन्हा उघडला. पुन्हा शोधलं, पुन्हा काही नाही. या खोलीत कधी नव्हे ती अशी सफाई झाली.

इतर ग्राहकांची पत्रकं छापलेल्या नमुन्यांवरून पुन्हा टाइप करता येतील, वर्ष जाईल. पण यंत्राची पत्रकं उद्या जायची आहेत आणि त्यांची दुरुस्त प्रत या घरात एकाच ठिकाणी आहे. सासूबाईंच्या कपाटात. मी ठेवायला लावलेली. आणि ती उघडते त्या पोरीच्या पासवर्डने.

२० तारीख, संध्याकाळ

जे झालं ते लिहून टाकते, नंतर लिहवणार नाही.

आधी खाली गेले. ती घड्या घालत होती. तिच्या घड्या सरळ येतात, कडेला कड. मी म्हटलं, पेनड्राइव्हचा पासवर्ड दे, खेप जायची आहे. तिने हातातला कागद पूर्ण दुमडला, मगच वर पाहिलं. फायली गेल्या का, विचारलं. मी तिच्या घड्या मोजायला लागले. तिला उत्तर मिळालं.

“देते की,” ती म्हणाली. “यंत्र वापरणाऱ्यांचा काय दोष. पण कपाटाची किल्ली आईंकडे आहे. आपण वर जाऊ, आणि पहाटे कोण फिरतं ते आधी तुम्ही आईंना सांगा. मी सांगितलं होतं, माझं कुणी ऐकलं नाही.”

मी म्हटलं, तू मला अडवत्येस. ती म्हणाली, नाही ताई, जिना मोकळा आहे.

वर गेलो. धाकटा दीर होता, हेही होते. सासूबाई औषध मोजून घेत होत्या. मी सुरुवात इस्त्रीवाल्यांपासून केली, म्हणजे हुकूम कुणाचा होता तेही निघावं. सासूबाई म्हणाल्या, पुढे बोल. मग पुढचंही बोलावं लागलं. ओळ, पहाट, माझं नाव, अठरा तारीख. हेही सांगावं लागलं की अठरा तारखेलाच कळलं होतं, कारण धाकट्या दिराने नेमकं तेवढंच विचारलं. मग फायली.

सासूबाईंनी कपाट उघडलं आणि पेनड्राइव्ह तिच्या हातात दिला, माझ्या नाही. ती खाली गेली. ह्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं, खिडकीबाहेर नाही. ते मला जास्त लागलं.

२१ तारीख, शुक्रवार

खेप गेली, बरोबर मजकुराची. कडक कॉलर खूश, बातमी मला पॅकिंगच्या टेबलावर कळली.

२८ तारीख, शुक्रवार

घड्या नीट येत नाहीत. कागदाची कड बोटाला कापते. शेजारी बसणारी बाई म्हणते, होईल सवय. मला सवय नको आहे.

तिने नवा झाडू लिहिलाय. कुणालाही उघडून वाचता येतो, भिंतीवर छापूनही लावलाय. आणि तो आपोआप काही बदलत नाही. रोज सकाळी फक्त यादी काढतो, काल कुठली पत्रकं बदलली, कुठला शब्द काय होणार. ती यादी ती छापून खाली पाठवते, माझ्याकडे. मी वाचून सही केली तरच पुढे जाते. सासूबाईंचा हुकूम नाही हा, तिचाच. मी विचारलं, माझीच सही कशाला, चिडवायला? म्हणाली, “ताई, घरचे शब्द तुमच्याएवढे कुणालाच पाठ नाहीत. आणि आधी यादी, मग वार, तुम्हीच शिकवलंत.”

चेहऱ्यावरून काही कळत नाही तिच्या. मनात हसत असणारच.

मी रोज यादी शब्द न् शब्द वाचते. एक तरी चूक सापडू दे म्हणून वाचते. आज सापडली. बारीकशी, एका पत्रकात डबीच्या जागी नळी. मी लाल पेनाने गोल केला, मोठा, आणि यादी वर पाठवली. थोड्या वेळाने दुरुस्त होऊन आली, खाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं, आपण वाचलो, ताई.

त्याखाली सही करायला मला पेन सापडेना. हातातच होतं.